कार निकोबार बेटावरील आमचीं तीन वर्षें

‘बेट’ हा शब्द उच्चारला कीं आमच्या विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढें एक ठराविक चित्र उभें राहतें. निळें पाणी, पांढरी वाळू, माडांच्या झावळ्या, आणि त्यांच्या सावलींत आरामांत पहुडलेला एखादा भाग्यवान् मनुष्य! अशाच एका बेटावर आम्ही तीन वर्षें शिक्षकाचें काम करीत होतों, हें ज्या दिवशीं वर्गांत कळतें, त्या दिवशीं भूमितीचा तास संपलाच म्हणून समजावें. ‘सर, तेथें शाळेंत कोणी जात असे काय? तेथील लोक खात काय? तुम्हांस कंटाळा येत नसे काय?’ असा प्रश्नांचा भडिमार सुरू होतो. तासाच्या वेळांत सर्व प्रश्नांचीं उत्तरें देणें शक्य नसतें. म्हणून या वार्षिक अंकाच्या निमित्तानें त्या दिवसांची थोडीशी हकीकत विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस सादर करीत आहों. माडाच्या सावलींत पहुडण्यास सवड फारशी मिळाली नाहीं, एवढें मात्र आरंभींच सांगून ठेवतों.

आम्ही बी. एड्. होऊन बाहेर पडलों तें साल २००१ होतें. वय तेवीस, अंगांत उमेद, आणि खिसा बहुतेक रिकामा. मिशनच्या वसतिगृहांत वाढल्यामुळें घरापासून दूर राहण्याची संवय लहानपणींच जडली होती. निकोबारांतील एका सरकारी शाळेंत गणित व विज्ञान शिकविण्याच्या जागेवर नेमणूक झाल्याचें पत्र आलें, तेव्हां आम्हांस आनंदच झाला. पण नगर जिल्ह्यांतील आमच्या खेड्यांत ती बातमी पोंचतांच निराळाच प्रकार घडला. आमच्या लोकांस अंदमान-निकोबार म्हणजे काळें पाणी. सावरकर बंधूंनीं सेल्युलर जेलमध्यें भोगलेल्या यातनांची कथा घरोघरीं ठाऊक. आईनें हातांतील परात खालीं ठेवली व ती म्हणाली, ‘अरे, तिकडे गुन्हा केलेल्यांना धाडीत असत. तूं काय केलेंस?’ वडील कांहींच बोलले नाहींत. निघतेवेळीं त्यांनीं प्रार्थना केली, तींत आमच्या सुखरूप जाण्याविषयीं एक वाक्य होतें व सुखरूप परत येण्याविषयीं तीन होतीं.

चेन्नईहून पोर्ट ब्लेअर सुमारें १,१९० किलोमीटर. बोटीनें तीन दिवस लागतात. (या शहराचें नांव २०२४ सालीं बदलून श्री विजय पुरम् असें ठेवण्यांत आलें आहे, पण आमच्या आठवणींत तें पोर्ट ब्लेअरच राहिलें आहे.) तेथून कार निकोबार आणखी सुमारें २७० किलोमीटर दक्षिणेस. निकोबार बेटें तेथील मूळच्या रहिवाशांसाठीं १९५६ च्या कायद्यानें राखून ठेवलेलीं असल्यामुळें बाहेरच्या मनुष्यास परवान्यावांचून तेथें पाऊल ठेवतां येत नाहीं. परवाना हातीं पडण्यास व पुढील बोट मिळण्यास आठवडा गेला. शेवटीं एका पहांटे मूस गांवच्या धक्क्यावर आम्ही आमची लोखंडी ट्रंक घेऊन उतरलों. समुद्र लागल्यामुळें पायांखालची जमीनही हलत असल्याचा भास होत होता. सामान उचलण्यास आलेल्या दोन मुलांनीं ट्रंकेचें वजन पाहून हिंदींत विचारलें, ‘यांत काय दगड आहेत?’ आम्हीं सांगितलें, ‘पुस्तकें आहेत.’ तीं दोघेंही पुढें आमचींच विद्यार्थी निघालीं. आणि पुस्तकांविषयींचें त्यांचें पहिलें मत बदलण्यास आम्हांस बराच काळ खर्चावा लागला.

कार निकोबार हें पोवळ्यांच्या खडकाचें बनलेलें, बहुतेक सपाट असें बेट आहे. क्षेत्रफळ सुमारें १२७ चौरस किलोमीटर. २००१ च्या जनगणनेंत तेथील लोकसंख्या २०,२९२ भरली होती. बेटाच्या आंतील भागांत दाट झाडी, आणि कडेकडेनें माडांच्या राईंत वसलेलीं गांवें. मूस, मलाक्का, पेरका, ककाना, सवाई हीं त्यांतील कांहीं नांवें. जुन्या पद्धतीचें निकोबारी घर पाहण्यासारखें असे. जाड खांबांवर उभारलेलें, मधमाश्यांच्या पोळ्यासारखें वाटोळें, गवतानें शाकारलेलें, आणि वर चढण्यास लांकडी शिडी. घराखालच्या सावलींत माणसें बसत, मुलें खेळत, कोंबड्या चरत, व डुकरें निवांत लोळत.

आमचा दिवस कसा जाई तें आतां सांगतों. पहिल्याच दिवशीं घड्याळाशीं आमचें भांडण जुंपलें. साडेपांच वाजतां सूर्य वर आलेला, आणि संध्याकाळीं साडेपांचलाच अंधार! विद्यार्थ्यांनीं येथें भूगोलाचें पुस्तक आठवावें. पृथ्वीस एक रेखांश फिरण्यास चार मिनिटें लागतात. आपली प्रमाणवेळ ८२½ अंश पूर्व रेखांशावरील. कार निकोबार जवळजवळ ९३ अंशांवर, व आमचें नगर ७५ अंशांच्या आसपास. म्हणजे अठरा अंशांचें अंतर, अर्थात् बहात्तर मिनिटें. घड्याळ दोन्हीकडे एकच. पण सूर्य मात्र आमच्या आईपेक्षां आम्हांस सव्वा तास आधीं उठवीत असे. या उदाहरणावरून रेखांश व वेळ हें प्रकरण आम्हीं तेथें जितक्या सहज शिकविलें, तितक्या सहज तें पुन्हां कधींच शिकवितां आलें नाहीं.

सकाळीं शाळा लवकर भरे. प्रार्थना होई, आणि ती ऐकण्यासारखी असे. कारण निकोबारी मुलांस चार सुरांत गाण्याचें कोणी शिकवावें लागत नाहीं. उपासनामंदिरांत लहानपणापासून गाऊन गाऊन एक वरचा सूर धरतो, दुसरा खालचा, व ओसरीवरून जाणारा शिपाईही नकळत मधला सूर धरून जातो. नंतर तास सुरू होत. छपर पत्र्याचें होतें. पाऊस आला म्हणजे फळ्याजवळ उभें राहून ओरडलें तरी पहिल्या बांकापर्यंत आवाज पोंचत नसे. आणि तेथें पाऊस वर्षांतून दोन्ही मोसमी वाऱ्यांचा. अशा वेळीं आम्ही फळ्यावर एक उदाहरण लिहीत असूं व सर्व वर्ग मुकाट्यानें तें सोडवीत बसे. कधीं कधीं दिवसभरांत आमच्या तोंडून दहा वाक्येंही बाहेर पडत नसत, तरी अभ्यास होई. ओहोटीच्या वेळीं किनाऱ्यावरील ओली वाळू म्हणजे आमचा सर्वांत मोठा फळा. एक खुंटी, एक दोरी व एक काठी घेतली कीं वीस हात त्रिज्येचें वर्तुळ निघे. त्यांत जीवा, स्पर्शिका, त्रिकोण यांच्या आकृत्या मुलें स्वतः चालून काढीत. भरती येई व फळा आपोआप पुसला जाई.

बेटावरील खरें पंचांग म्हणजे बोट. बोट आली म्हणजे टपाल आलें, कांदे-बटाटे आले, आठ दिवसांचीं वर्तमानपत्रें एकदम आलीं, बदलून जाणारे गेले व नवे आले. समुद्र खवळून बोट लांबली म्हणजे कांदा अदृश्य होई आणि दुकानदाराच्या तोंडावर एक गंभीर भाव येई. एका वर्षीं पावसाळ्यांत नवव्या इयत्तेचीं विज्ञानाचीं पुस्तकें येऊन पोंचलीं नाहींत. वर्गास पुस्तक एकच, आमचें. तेव्हां रोज दोन मुलांनीं आमच्या खोलीवर यावें, एकेक प्रकरण हातानें उतरून न्यावें, व दुसऱ्या दिवशीं तें इतरांस द्यावें, असें ठरलें. दिवे डिझेलच्या यंत्रावर चालणाऱ्या विजेचे. ती गेली कीं कंदील. ऑगस्टांत पुस्तकें आलीं तेव्हां मुलांनीं तीं उलटसुलट करून पाहिलीं, आणि आपल्या हस्तलिखित वहीशीं ताडून एका छापील आकृतींत बाणाची दिशा चुकली असल्याचें शोधून काढलें. त्या दिवसाचा त्यांचा आनंद आम्ही विसरलों नाहीं.

जेवणाची गोष्ट विचाराल तर नारळ मुबलक, मासळी मुबलक, भात मिळे. पण ज्वारीची भाकरी स्वप्नांतच. आईनें पाठविलेल्या लसणाच्या चटणीच्या डब्यास नगरहून आमच्या हातीं येण्यास तीन आठवडे लागत. तेथील लोकांचें आवडतें अन्न म्हणजे केवडी. आपल्याकडील केवड्याच्या जातीचेंच हें झाड. पण त्याचें फळ मोठें, फणसाच्या तोंडांत मारील असें. तें उकडून, त्यांतील गर खरवडून, रेषा काढून त्याचा गोळा करितात. पहिल्यांदा तो आमच्या घशाखालीं उतरेना. तिसऱ्या वर्षीं मात्र आम्ही तो मागून घेऊं लागलों होतों.

भाषेची अडचण येईल असें वाटलें होतें, परंतु हिंदी सर्व मुलांस येत होती. त्यांची घरची भाषा निराळी. ती ज्या भाषाकुळांतील आहे, त्याच कुळांतील एक भाषा आपल्या मेळघाटांतील कोरकू लोक बोलतात, हें वाचून आम्हांस फार आश्चर्य वाटलें. अमरावतीच्या डोंगरांत व हिंदी महासागराच्या मध्यावर एकाच घराण्यांतील दोन दूरच्या बहिणी! आणखी एक मौज अशी कीं, समुद्रांत जाण्याच्या त्यांच्या नावेस, जिला एका बाजूस तोल सांभाळणारा लांकडी दांडा बांधलेला असतो, तेथील हिंदींत ‘होडी’च म्हणतात. पहिल्या आठवड्यांत एका मुलानें विचारलें, ‘सर, होडी समजते काय?’ आम्हीं म्हटलें, ‘बाबा, या बेटावर मला समजलेला पहिला शब्द तोच!’

परंतु आम्हांस जें खरोखर शिकावयाचें होतें तें एका साध्या उदाहरणापासून सुरू झालें. सहाव्या इयत्तेंत भागाकार चालला होता. आम्हीं फळ्यावर लिहिलें, ‘चार भावांचे साठ माड आहेत. त्यांची सारखी वाटणी केल्यास प्रत्येकास किती माड येतील?’ वर्ग गप्प. भागाकार येणारींही मुलें गप्प. शेवटीं मागच्या बांकावरील एक मुलगा उठला व काळजीच्या सुरांत म्हणाला, ‘सर, ते भाऊ भांडले काय?’ आम्हीं म्हटलें, ‘नाहीं रे, भांडले नाहींत.’ ‘मग वाटणी कशाला?’

ही थट्टा नव्हती. निकोबारी समाजांत ‘तुहेत’ नांवाची व्यवस्था आहे. एका कुळांतील सर्व माणसें, कधीं कधीं कितीएक कुटुंबें मिळून, एक तुहेत होतें. जमीन तुहेताची, माड तुहेताचे, डुकरें तुहेताचीं. कोणाचें लग्न, कोणाचें आजारपण, कोणाचें घर बांधणें हें सर्व त्या एका पोटांतून चालतें. माड वाटून घेणें म्हणजे त्यांच्या दृष्टीनें घर मोडणें. आमच्या गांवीं दोन बांधांवरून तीन पिढ्या चाललेला एक दिवाणी दावा आम्हांस आठवला, आणि आम्हीं फळ्यावरील उदाहरण पुसलें. नवें असें लिहिलें: ‘साठ नारळ चार डुकरांस सारखे घालावयाचे आहेत.’ पंधरा, पंधरा, असा एकच गलका झाला.

तुहेताचा अर्थ पुढें आम्हांस अंगावर भोगूनच कळला. दुसऱ्या वर्षीं मलेरियाचा ताप आला. बेटावर हा आजार नवलाचा नव्हता. रक्त तपासलें, गोळ्या मिळाल्या. पण खोलीवर एकटा पडलेला मनुष्य गोळ्यांवर किती दिवस काढणार? तिसऱ्या दिवशीं संध्याकाळीं एक वृद्ध बाई नातीसह शिडी चढावी तशा आमच्या चार पायऱ्या सावकाश चढून आली. नात आमच्या अकराव्या इयत्तेंतील विद्यार्थिनी. आजीनें शहाळें, उकडलेला मासा व केवडीचा गोळा ठेवला, आमच्या कपाळास हात लावला, व आपल्या भाषेंत कांहीं म्हणाली. नातीनें सांगितलें, ‘आजी म्हणते, ताप उतरेपर्यंत मास्टरजी आमच्या तुहेतांत.’ त्यानंतर नऊ दिवस त्या घरांतून कोणी ना कोणी दोन्ही वेळां येत होतें. दहाव्या दिवशीं आम्ही शाळेंत गेलों. पण त्या तुहेतांतून आम्हांस पुन्हां कोणी काढलें नाहीं.

ही नात अभ्यासांत चांगली होती. वर्गाची हजेरी तीच पुकारीत असे. हजेरीपट न पाहतां, क्रम न चुकतां, सर्व नांवें एका दमांत. २००३ सालीं ती बारावी उत्तीर्ण झाली व परिचारिकेचें शिक्षण घेण्यासाठीं पोर्ट ब्लेअरला जाण्याची इच्छा तिनें घरीं बोलून दाखविली. बेटावर हा प्रश्न एकट्या आई-बापांचा नसतो. एका संध्याकाळीं आम्हांस बोलावणें आलें. घरांत तिचे आई-वडील, मामा, आजी व गांवचे दुसरे कप्तान बसले होते. तेथें गांवच्या मुख्यांस कप्तान म्हणतात. पहिला, दुसरा, असे. चहा झाला. मग बराच वेळ कोणी बोललें नाहीं.

शेवटीं मामांनीं विचारलें, ‘मास्टरजी, शिकून ही परत येईल, असें तुम्ही लिहून द्याल काय?’ त्यांचा प्रश्न अकारण नव्हता. त्याच तुहेतांतील एक मुलगा पूर्वी शिकण्यास गेला होता, आणि दोन वर्षांनंतर त्याचें पत्रही येईनासें झालें होतें. ‘शाळा आमचीं मुलें मोठीं करिते,’ मामा म्हणाले, ‘आणि बोट तीं घेऊन जाते.’

विद्यार्थी मित्रांनो, शिक्षकास कठीण प्रश्न पुष्कळ येतात. पण इतका कठीण प्रश्न आम्हांस त्यापूर्वीं व त्यानंतर कोणी विचारला नाहीं. मुलीची दोन्ही डोळ्यांतील आशा आम्हांस दिसत होती. एका होकारानें तिचें काम झालें असतें. पण दुसऱ्याच्या आयुष्याविषयीं वचन देण्याचा अधिकार कोणास असतो? आम्हीं सांगितलें, ‘लिहून देतां येणार नाहीं.’ मामा म्हणाले, ‘बरें, तुम्ही स्वतः तरी आपल्या गांवीं परत जाणार आहां काय?’ आम्हीं खरें तेंच सांगितलें, ‘माझी आई दर पत्रांत हेंच विचारते. तिलाही मी अजून उत्तर लिहिलेलें नाहीं.’

मग आम्हीं त्यांस त्यांच्याच बेटावरील एका मुलाची गोष्ट आठवून दिली. ती त्यांस आमच्यापेक्षां अधिक ठाऊक होती, तरी त्यांनीं ऐकून घेतली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वेदप्पन सॉलोमन नांवाचे एक तमिळ गृहस्थ मूस येथें येऊन राहिले व त्यांनीं तेथें लहानशी शाळा चालविली. १८८४ सालीं जन्मलेला एक निकोबारी मुलगा त्या शाळेंतून ब्रह्मदेशांत मंडाले येथील मिशनच्या शाळेंत शिकण्यास गेला. आजच्या बोटींचे हे हाल, तर त्या काळीं मंडाले म्हणजे केवढें दूर! तो मुलगा शिक्षक होऊन बेटावर परत आला. तेच पुढें बिशप जॉन रिचर्डसन. त्यांनीं बायबल निकोबारी भाषेंत आणलें, १९४२ ते १९४५ च्या जपानी अंमलांतील हालअपेष्टा आपल्या लोकांबरोबर सोसल्या, १९५० सालीं ते बिशप झाले, आणि १९५२ सालीं पहिल्या लोकसभेंत अंदमान-निकोबारचे प्रतिनिधि म्हणून राष्ट्रपतींनीं त्यांची नेमणूक केली. १९७८ सालीं ते वारले.

आजीनें त्यांस प्रत्यक्ष पाहिलें होतें. आतांपर्यंत ती भिंतीस टेकून स्वस्थ बसली होती. ती सावकाश बोलूं लागली व कप्तान तिचें बोलणें हिंदींत सांगूं लागले. ती म्हणाली, ‘बिशप परत आले, कारण त्यांची जागा येथें होती. जो मुलगा परत आला नाहीं, त्याच्यावर आपण रागावलों व त्याची जागा आपणच काढून टाकली. परत येणें पोरीच्या हातीं आहे. चुलीपाशीं तिची जागा ठेवणें आपल्या हातीं आहे. आपल्या हातचें आपण करूं.’ यावर कोणी कांहीं बोललें नाहीं. जुलैंत तुहेतानें खोबरें विकून आलेल्या पैशांतून तिचा खर्च भागविला आणि ती बोटीनें गेली. धक्क्यावर आजी आली नव्हती. ती घरीं नेहमींच्या वेळीं नेहमींइतक्याच माणसांचा स्वयंपाक करीत होती, असें आम्हांस मागून कळलें.

त्या वर्षींचा नाताळ हा आमचा तेथील तिसरा व शेवटचा. नाताळांत तेथील गायकवृंद गांवोगांव गात फिरतात. ‘मास्टरजी, तुमच्या भाषेंतलें गा,’ असा आग्रह झाल्यावर आम्हीं रेव्हरंड ना. वा. टिळकांचें एक गीत म्हटलें. शब्द कोणास कळले नाहींत. पण दुसऱ्या कडव्यापासून चहूंकडून सूर येऊन मिळूं लागले, आणि नगरच्या देवळांत दर रविवारीं ऐकलेलें तें गीत आम्हांस प्रथमच पुरतेपणीं ऐकूं आल्यासारखें वाटलें.

एप्रिल २००४ मध्यें वडिलांच्या आजारपणामुळें आम्हांस नोकरी सोडून परत यावें लागलें. ट्रंक या खेपेस हलकी होती. पुस्तकें आम्हीं तेथेंच ठेवलीं. बरोबर आणलें तें वर्गाचें एक छायाचित्र.

रविवार ता. २६ डिसेंबर २००४. सकाळीं साडेसहाच्या सुमारास सुमात्रा बेटाजवळ समुद्राच्या तळाशीं भूकंप झाला, आणि त्यानें उसळलेल्या लाटा थोड्याच वेळांत निकोबार बेटांवर येऊन आदळल्या. नाताळचा दुसरा दिवस. पाहुण्यारावळ्यांनीं घरें भरलेलीं, आणि गांवें बहुतेक किनाऱ्यावर. आम्हांस दूरध्वनि लागेना. पत्र कोणास घालावें तें कळेना. रोज वर्तमानपत्रांत कार निकोबारचें नांव येई, आणि आम्ही छायाचित्र घेऊन बसत असूं.

फेब्रुवारींत पोर्ट ब्लेअरहून पत्र आलें. त्या मुलीचें. बेटावरून आणलेल्या जखमी लोकांस तेथील रुग्णालयांत व छावण्यांत ठेवलें होतें. वृद्ध बायांस हिंदी येत नव्हती, डॉक्टरांस निकोबारी येत नव्हती. तिनें लिहिलें होतें, ‘मी अजून परिचारिका झालें नाहीं, पण रात्रंदिवस दुभाषी झालें आहें. कोणास कोठें दुखतें एवढें तरी सांगतां येतें.’ पुढें आमच्या वर्गांतील जीं मुलें सांपडलीं नव्हतीं त्यांचीं नांवें होतीं. अकरा नांवें. तिनें तीं हजेरीपटाच्या क्रमानें लिहिलीं होतीं. पत्राच्या शेवटीं चार ओळी होत्या: ‘आजी गेली. चूल गेली. तुहेतांतील एकवीस माणसें उरलीं आहेत. तीं आंत झाडींत पत्र्याच्या छपराखालीं एकत्र राहतात. माझी जागा त्यांनीं तेथें ठेवली आहे.’

२००६ सालीं शिक्षण पुरें करून ती बेटावर परत गेली. गांवें आतां किनाऱ्यापासून आंत वसलीं आहेत. जुन्या वाटोळ्या घरांच्या जागीं नवीं सरकारी घरें आलीं आहेत. २०११ च्या जनगणनेंत बेटाची लोकसंख्या १७,८४१ भरली. यांत बेट सोडून गेलेलेही असतील; पण त्या दोन आंकड्यांतील वजाबाकी आम्ही वर्गांत कधीं मांडीत नाहीं. तिचीं पत्रें अजून नाताळास येतात. एका पत्रांत तिनें कळविलें होतें कीं, तुहेतानें नवे माड लावले आहेत व ते कोणीं मोजलेले नाहींत.

दर वर्षीं दहावीचा निकाल लागला कीं कांहीं पालक आमच्याकडे येतात. ‘सर, मुलाला पुण्या-मुंबईस पाठवूं काय? गेला तर आमचा राहील काय?’ कोणाचा मुलगा बंगळुरास असतो, कोणाची मुलगी परदेशीं असते; प्रश्न तोच. लिहून देण्याचा अधिकार आम्हांस आजही प्राप्त झालेला नाहीं. म्हणून आम्ही त्यांस त्या आजीचे शब्द सांगतों. आणि विद्यार्थी मित्रांनो, त्या शब्दांचा दुसरा अर्धा भाग तुमच्यासाठीं आहे. जेथें जाल तेथें मन लावून शिका. परंतु घरीं संध्याकाळीं कोणी तुमची जागा झाडून ठेवीत असेल, हें ध्यानांत असूं द्या, आणि पत्र टाकण्यास आळस करूं नका.